अर्थिंगोबाचं पाणी

परवा आमचा फ्रीज मला चावला. दुधाचं पातेलं ठेवायला दार उघडलं आणि बोटांपासून कोपरापर्यंत सर्रकन मुंग्या गेल्या. चैत्रातली दुपार. पुंडलिकनगरात या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, पण माझ्या नशिबाने कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन दुकानात सापडला. त्याने फ्रीजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ जिन्याखाली गेला, मीटरच्या पेटीखालच्या सिमेंटच्या चौकोनी झाकणावर चपलेने टकटक केलं आणि म्हणाला, “मॅडम, अर्थिंग सूख गया. कुछ नहीं, उन्हाळाभर रोज एक बादली पाणी टाका इसमें.”

मी बादली भरून आणली. झाकणाखाली भेगाळलेली, पांढुरकी माती होती. पाणी ओतलं तसं ते चर्र करत आत गेलं आणि वास वर आला. मीठ, कोळसा आणि तापलेली माती यांचा एकत्र वास. तो नाकात शिरला मात्र, मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले. बिचारा इलेक्ट्रिशियन घाबरला. “मॅडम, इतना बड़ा काम नहीं है,” म्हणाला. पैसेही न घेता निघाला होता. मीच हाक मारून दिले.

त्याला काय सांगणार होते? या वासाचा एक अख्खा उन्हाळा माझ्यापाशी आहे, हे सांगायला दुपार पुरली नसती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. विजेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्रात थोडी चुकार वीज असते. तिला निघून जायला वाट लागते, म्हणून भिंतीलगत खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी पुरतात आणि भोवती कोळसा नि मीठ भरतात. माती ओली असली की वीज निमूट खाली जाते. माती वाळली की ती माणसाच्या हातातून वाट काढते. मास्तरकीची सवय, सुटत नाही. पण त्या उन्हाळ्याआधी मलाही हे माहीत नव्हतं.

तो उन्हाळा खरं तर आदल्या पावसाळ्यातच सुरू झाला होता. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळ्याला बैलांच्या अंगावर पाणी शिंपडून धुतल्याचं समाधान मानलं लोकांनी. माझी शाळा दौलताबादचा घाट ओलांडून, वेरूळच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणाऱ्या धनगरवस्तीवर होती. दोन वर्ग, एक बारकी खोली, पत्र्याखाली चूल आणि पुढे एक कडुनिंब. शिकवायला आम्ही दोघं. मी, आणि खरात सर. आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी, मग कारकुनी, मग माझी मास्तरकी. उन्हाने चामडी करपू न देणारी माणसं आम्ही. सर त्याच बाजूच्या एका धनगरवाड्यातले. लहानपणी बापाच्या मेंढ्यांमागे फिरत पाटीवर अक्षरं गिरवलेले. शाळेच्या पटावर नाव एका गावात आणि पोर दुसऱ्याच तालुक्यात, हे काय असतं ते त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

कॉम्प्युटर त्यांनीच आणले. शहराबाहेरच्या कारखान्यांतल्या एका कंपनीने जुनी यंत्रं काढायची ठरवली होती. सरांनी तिथल्या साहेबाच्या दाराशी इतक्या चकरा मारल्या की शेवटी वॉचमनच म्हणाला असेल, देऊन टाका एकदाचे. चार कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून वस्तीवर आले तेव्हा शाळेत एकाही खोलीत प्लग लावायला सॉकेट नव्हतं. आधी वरात आली, मांडव मागाहून घातला. मग सरांनी स्वतःच्या हाताने वायरी ओढल्या, खिडकीला जाळी लावली, खोलीला आतून चुना दिला. वरच्या कचेरीतून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी खोली पाहून सूचना केली की संगणक कक्ष वातानुकूलित असावा. त्या वेळी आमच्या दोन्ही वर्गांत मिळून एक पंखा होता, तोही वारा देण्यापेक्षा गाणं जास्त म्हणायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे मुलांना मी त्याच आठवड्यात शिकवलं.

पण खोली देखणी झाली होती. पारूबाई आमच्याकडे खिचडी शिजवायची. तिने आपल्या जुन्या लुगड्यांची झाकणं शिवली, काठ बरोबर कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेवर येतील अशी. चारही कॉम्प्युटर पदर घेऊन बसलेल्या बायकांसारखे दिसत. चपला बाहेर, हात पुसून आत, खडूला बंदी. तरी धूळ यायचीच. महिन्यातून एकदा सर यंत्रांची पाठ उघडायचे, रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडायचे. एकदा मुंग्यांचं अख्खं वारूळ निघालं, एकदा वाळलेली पाल. माउसच्या पोटातली गोळी काढून सदऱ्याला पुसायचा मान मुलं पाळीपाळीने घेत. आणि बॅटरी धरायचा मान कायम जनीचा.

जनी चौथीत होती. पारूबाईची भाची, म्हणजे भावाची, बिराजीची मुलगी. बारीक, काटक, नाकात चमकी, बोलायला फटकळ. सरांनी मुलांना कॉम्प्युटरवर चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडून दिला तेव्हा बाकीच्यांनी झेंडा काढला, घर काढलं, डोंगरातून उगवणारा सूर्य काढला. जनीने मेंढी काढली. मग दुसरी. मग रोज एक. वीज असेल तेवढ्या वेळात एक मेंढी पुरी करायची आणि जपून ठेवायची. भारनियमनामुळे वीज कधी पळेल याचा नेम नसे, म्हणून दर दोन रेघांनंतर ती चित्र साठवायची. हळूहळू पडदाभर कळप झाला. मला सगळ्या सारख्याच दिसायच्या. “बाई, नीट बगा की. ही चांदी, हिचा कान फाटलाय. ही बुटकी. ही लई भांडखोर,” असं म्हणत ती मला एकेकीची ओळख करून द्यायची, आणि मी नातेवाइकांच्या लग्नात करते तसं ओळखल्यासारखं करायची.

माघ सरता सरता बिराजी शाळेच्या दारात आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. एरवी तो कळप घेऊन दिवाळीनंतर जवळपासच्या शेतांतून फिरायचा, पण त्या वर्षी शेतातच काही नव्हतं. घाट उतरून खानदेशाकडे जायचं ठरलं होतं, बायकोला आणि जनीलाही घेऊन.

“कोकरं संभाळायला हात पायजे, सर,” तो म्हणाला. “पोरगी ऱ्हायली तर त्यायला कोन बघनार?”

सर त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत घेऊन गेले. बिराजीने वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या, घोंगडंही बाहेर ठेवलं. जनीने यंत्र चालू केलं आणि बापाला त्याचा कळप दाखवला. बराच वेळ तो वाकून बघत राहिला. मग बोटाने, पडद्याला न लावता, एकेकीचं नाव घेऊ लागला. एकही चुकली नाही. जिथे मला पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं तिथे तो म्हणत होता, “ही तर आपली चांदी.”

“ऱ्हाऊ द्या मंग,” शेवटी तो म्हणाला. “आत्यापाशी ऱ्हाईल. पन सर, हे मशीन चालू हाय, शाळा चालू हाय, तवर. बंद पडलं की मी थांबायचा नाय. मोकळी बसायला पोरगी नाय सोडत मी.”

“चालू राहील,” सर म्हणाले.

तेव्हापासून ती चार यंत्रं चालू ठेवणं हे शाळेचं साधं काम राहिलं नाही. सरांनी शब्द दिला होता, आणि त्या शब्दावर एक मुलगी शाळेत बसली होती. वस्तीवरची बाकी बिऱ्हाडंही एकेक करून हलायला लागली होती. कुणी ऊसतोडीला, कुणी शहरातल्या बांधकामांवर. जी मुलं मागे राहिली ती बहुतेक त्या खोलीपायी राहिली होती.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. होळीच्या सुमारास एक पोर बोटं झटकत वर्गात आलं. “बाई, कॉम्प्युटर चावतो.” मी रागावले. अभ्यास चुकवायला मुलं काय काय शोधतात हे मला तेव्हा पाठ होतं. मग स्वतः जाऊन यंत्राच्या पत्र्याला हात लावला आणि अशी उडी मारली की जनी खो खो हसली. सरांनी औरंगपुऱ्यातून एक म्हातारे मिस्त्री आणले. त्यांनी बाहेर जाऊन भिंतीलगतचा अर्थिंगचा खड्डा उकरला, आतली कोरडी ठक्क माती चिमटीत घेतली आणि सोडून दिली.

“जमीन प्यासी रही तो करंट किधर जाता, सर? बच्चों के हाथ में आताच ना,” ते म्हणाले. त्यांनी नवं मीठ घातलं, कोळसा घातला. “इसको रोज पानी पिलाओ. आधा घडा तो भी.”

आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी चुलीशेजारच्या पिंपाकडे पाहिलं. टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणजे तसं ठरलं होतं. पिंपातलं पाणी खिचडीचं आणि मुलांच्या पिण्याचं. वस्तीची विहीर तळ दाखवून कधीच मोकळी झाली होती. सरांनी अर्धी घागर भरली आणि खड्ड्यात ओतली. ओतताना त्यांनी दुसरीकडे तोंड केलं होतं.

दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी वस्तीवरची एक म्हातारी शेण गोळा करत शाळेमागे आली आणि तिला ती ओली माती दिसली. त्या दिवसांत ओली माती लपत नसे. तिने जो कालवा केला, अर्धी वस्ती गोळा झाली.

“लेकरायच्या तोंडाला कोरड, आन् तुमी मातीला पाजायले? कोन्या शाळंत शिकले हो तुमी?”

सरांनी समजावायचा प्रयत्न केला. वीज, वाट, ओलावा. मीही दोन शब्द बोलले. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा तिचा साधा सवाल होता आणि आमच्या दोघांच्या पदव्या मिळून त्याचं उत्तर देऊ शकत नव्हत्या. तोडगा पारूबाईने काढला. ती चुलीपासून हात पुसत आली आणि म्हणाली, “गलका कामून करता? तांदूळ धुतलेलं पानी म्या उकिरड्यावरच टाकते. लेकरं हात धुत्यात ते बी मातीतच जातं. आजपून समदं इथंच. मशीनचं काम व्हईल, तुमचं पानी तुमच्यापाशी.”

तेव्हापासून शाळेचं सगळं वापरलेलं पाणी त्या खड्ड्यावर पडू लागलं. खिचडी खाऊन मुलं ओळीने तिथे जाऊन हात धुवायची. पाटी पुसायची तर थुंकी नाही, ओलं फडकं, आणि ते फडकं पिळायचं खड्ड्यावर. मग कुणीतरी बाटलीतला शेवटचा घोट राखून घरी जाताना ओतायला सुरुवात केली आणि ती चालच पडली. धनगराच्या घरात दुधाची पहिली धार भुईला सोडतात. मुलांना यात नवल वाटलं नाही. एके दिवशी पाहते तो खड्ड्याच्या कडेला चार गोल दगड मांडलेले आणि वर पिवळाजर्द भंडारा. जनीचा उद्योग. बिरोबा, खंडोबा, तसा हा अर्थिंगोबा.

मी विज्ञान शिकवायला सरसावले. देव नाही, मुलांनो, ही वीज आहे, वगैरे. एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पन बाई, पानी नाय घातलं तर चावतो ना? आन् घातलं तर नाय चावत ना?” मी म्हटलं, हो. “मंग देवच की,” तो म्हणाला. सर पाठ फिरवून हसत होते. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या बाटलीतला शेवटचा घोट अर्थिंगोबाला जाऊ लागला. कॉम्प्युटर चावायचे थांबले होते.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी दुष्काळी भाग म्हणून खिचडी चालू ठेवायचा आदेश होता, म्हणून शाळा उघडी राहिली. मी रोज जात होते. सकाळी घरी नळाला पाणी आलेलं नसायचं. आमच्या इमारतीत टाकीवरून सुशिक्षित माणसं एकमेकांच्या सात पिढ्या काढत होती. शहर तेव्हा चारही अंगांनी सुटलं होतं. रोज कुठेतरी नवी बोअर घेतल्याचा घरघराट, रोज नव्या स्लॅबवर पाणी मारणारे मजूर. घाट चढताना समोरून टँकर यायचे, एकामागे एक, शहराकडे जाणारे. त्यांच्या मागच्या तोटीतून पाणी गळत यायचं आणि रस्त्यावर एक ओली रेघ पडायची. मी जायची त्या भाड्याच्या जीपमधले सगळे त्या रेघेकडे बघत बसायचे. तिकडे स्लॅब भिजत होते आणि इकडे आम्ही हात धुतलेलं पाणी मोजून मुरवत होतो, याचा राग मला आजही येतो. वय झालं, आता राग सोडा, असं मुलगा म्हणतो. सोडायचा कुठे, तेही सांगावं त्याने.

जनीचा कळप पडद्यावर पुरा झाला. मग तिने भोवती गवत काढायला घेतलं. हिरव्या रंगाने सबंध पडदा भरला, मोकळी जागा म्हणून ठेवली नाही. “इतकं गवत कुठं गं बघितलंस?” मी विचारलं. “बगितलं नाय. खानदेशात असंल,” ती म्हणाली.

मे महिन्यातल्या एका दुपारी कडुनिंबाखाली मुलं जेवत होती. रस्त्याच्या बाजूने धूळ उठली. आधी वाटलं टँकर, मुलं उठून उभी राहिली. धुळीतून मेंढ्या निघाल्या. एकही ओरडत नव्हती, हे मला आधी जाणवलं. कळप येतो म्हणजे केवढा गलबला असतो. या नुसत्या चालत होत्या. मागे बिराजी आणि डोईवर गाठोडं घेतलेली त्याची बायको. गेले तेव्हाच्या निम्म्याही मेंढ्या नव्हत्या. खानदेशातही गवत नव्हतं.

मेंढ्या थांबल्या नाहीत. ओल्या मातीचा वास त्यांना लांबूनच लागला असावा. सगळ्या शाळेमागे वळल्या आणि अर्थिंगोबावर तुटून पडल्या. मिठाची ओली माती चाटू लागल्या, खुरांनी उकरू लागल्या. दगड उडाले, भंडारा मातीत गेला, तांब्याची पट्टी उघडी पडली आणि तिची तार एका मेंढीच्या पायात अडकून तुटली. मुलं काठ्या घेऊन धावली होती. पण जवळ जाऊन एकानेही काठी उगारली नाही.

जनी मध्ये उभी होती. तिने मेंढ्यांना हाकललं नाही. एकेकीच्या तोंडाला हात लावत ती बघत होती.

“बा, चांदी कुठंय?”

बिराजी काठीच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढत राहिला.

सरांनी पिंपाचं झाकण काढलं. “सर, उंद्याची खिचडी?” पारूबाई म्हणाली. “उद्याचं उद्या,” असं म्हणून सरांनी स्वतः घमेली भरली आणि मेंढ्यांपुढे ठेवली. पिंप उपडं करून शेवटचं पाणीसुद्धा दिलं. ज्या म्हातारीने कालवा केला होता तीही आपल्या घरून तांब्या घेऊन आली.

उन्हं उतरली तेव्हा बिराजी शाळेच्या दाराशी आला. बायकोला ताप होता, उभं राहवत नव्हतं. चार कोकरं घोंगड्यात गुंडाळून आणली होती. “सर, बोललो व्हतो तुमाला,” एवढंच तो म्हणाला.

“मशीन चालू आहे, बिराजी,” सर म्हणाले.

ते आत गेले. वीज होती. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि त्याच्या पत्र्यावर सबंध पंजा टेकवून उभे राहिले. बघ, काही होत नाही, असं दाखवत. मला तुटलेली तार माहीत होती. सरांच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला उंबऱ्यातून दिसत होते. जबडा आवळलेला होता. तरी ते बिराजीकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

“सर, हात काढा,” बिराजी म्हणाला. “म्या येडा नाय.”

सरांनी हात काढला नाही. शेवटी बिराजीनेच पुढे होऊन त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. त्यालाही झटका बसला असणार, पण त्याने तसं दाखवलं नाही. दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिले. दोघांच्याही बापांनी मेंढरं राखली होती, आणि दोघांनाही दुसऱ्याचं खरं आहे हे कळत होतं.

यंत्र जनीने बंद केलं. आम्ही शिकवलं होतं तसं, क्रमाने, घाई न करता. पडदा काळा झाल्यावर तिने लुगड्याचं झाकण घातलं, काठ सरळ केला. बाहेर येऊन आत्याच्या गळ्यात पडली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “जाते, बाई,” आणि दोन कोकरं काखेत घेऊन बापामागे चालू लागली. येते म्हणावं, जाते म्हणू नये, हेही मला त्या वेळी सांगायचं सुचलं नाही.

पाऊस मग आला, उशिरा, ज्यांना हवा होता ते निघून गेल्यावर. खड्डा आम्ही पुन्हा भरला, तार जोडली, पण बसणारी मुलंच उरली नाहीत. गेलेली बिऱ्हाडं शहरातच राहिली. आमच्या शाळेतली एक मुलगी मला पुढे एका नव्या इमारतीच्या दारात वॉचमनच्या खोलीपुढे भांडी घासताना दिसली होती. पट कमी म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याचा कागद आला. टेम्पो आला, चार कॉम्प्युटर झाकणांसकट चढवले. जनीचं चित्र काढून घ्यावं म्हणून सरांनी आदल्या दिवशी फार खटपट केली, पण फ्लॉपीत धूळ गेलेली, ती वाचलीच जाईना. पुढे ती यंत्रं कुठल्याशा गोदामात पडून असल्याचं आणि मग भंगारात गेल्याचं ऐकलं. खरात सर निवृत्तीनंतर फार जगले नाहीत. भेटले की शाळेचा विषय ते काढत नसत, आणि मीही काढत नसे. फक्त बोलता बोलता उजवा पंजा चोळत राहायचे.

फ्रीजने चावा घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेले. का गेले, ते सांगता येणार नाही. घाटापलीकडे आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत झेंड्या लावलेले प्लॉट आहेत, मोठमोठ्या कमानी आहेत, आत अजून एकही घर नाही. वस्तीची अर्धी जागा अशाच एका कमानीत गेली आहे. शाळेचे पत्रे उतरवलेत. वर्गात सिमेंटच्या गोण्या. कडुनिंब आहे. मी चुलीच्या जागेला वळसा घालून मागे गेले आणि थबकले.

खड्ड्याची माती ओली होती. कडेला गोल दगड, त्यांवर ताजा भंडारा.

“कोन हाय?” मागून आवाज आला. पारूबाई. पाठीत वाकलेली, हातात तांब्या. मला ओळखायला तिला क्षणभर लागला, मग तिने माझा हात धरला तो सोडेचना. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. सरांचं तिला कळलं होतं. बिराजीही गेला, म्हणाली.

“पारूबाई, हे अजून कोण करतं गं?”

“मीच. दुसरं कोन ऱ्हायलं हितं?”

“पण आता कशाला? आत काही नाही.”

“ठावं हाय की,” ती म्हणाली. “जनी गेली त्या दिशी कानात बोलली व्हती. आत्या, म्या येईस्तवर वलं ठेव.”

“आली का मग?”

“कुठं येती. तिकडंच दिली तिला, खानदेशात. सासरचं बी तेच, मेंढरं. फोन करती. पयलं हेच इचारती, कॉम्प्युटर हायेत का गं? म्या म्हन्ते, हायेत. अर्थिंगोबाला पानी घालती का? म्या म्हन्ते, घालते.” पारूबाईने ओल्या मातीवरचं एक वाळकं पान उचलून टाकलं. “समदंच खोटं कसं बोलावं, बाई? म्हून येते रोज तांब्या घेऊन. निम्मं तर खरं व्हतं.”

मी तिचा तांब्या उचलून माझ्याजवळ ठेवला.

“आता आवघड झालंय,” ती पुढे म्हणाली. “तिची पोरगी सहा वर्साची झाली. जूनला आनून सोडते म्हनती माह्याजवळ. मेंढरामागं नाय फिरू देनार, म्हनती, माह्या शाळंतच घालनार. तुमी शिकल्यासवरल्या. काय सांगू तिला?”

मी म्हटलं, खरं सांगायला हवं. शहरात शाळा आहेत, मी आहे, काहीतरी बघू. पण आधी खरं सांगायला हवं. पारूबाईने मान हलवली, कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, बटण दाबून कानाला लावला आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर म्हणाली, “घे, कोन हाय बग,” आणि फोन माझ्या हातात दिला.

“जने, मी बाई बोलतेय,” मी म्हटलं.

पलीकडे आधी नुसता वारा आणि मेंढ्यांचा आवाज. मग ती ओरडलीच. “बाई! तुमी शाळंतच हाय अजून? आत्या खरंच सांगत व्हती म्हंजी! मला वाटायचं, मन राखायला बोलती. बाई, माही पोरगी लई हुशार हाय. तिला पन मेंढ्या काढायला शिकवा. आनू ना मंग जूनला?”

पारूबाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आण,” मी म्हटलं.

जनी आणखी बरंच काही बोलत होती. तांब्यात अजून पाणी होतं. मी फोन कानाशी धरूनच वाकले आणि ते सगळं खड्ड्यात ओतलं.